पहिला हप्ता मार्चचा, थकबाकी मात्र जानेवारीपासून: अशा वेळी आधी कुठला कागद पाहायचा?

ताई, तुमची अडचण मला समजली तशी आधी मांडतो. काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

जुळे सोलापुरातल्या घराच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग, अंगणातल्या पाण्याच्या टाकीची दुरुस्ती आणि स्वयंपाकघराचा नवा ओटा, असं १ लाख ८० हजारांचं काम तुम्ही एका ठेकेदाराकडून करून घेतलं. पैसे त्याच्याच ओळखीतल्या फायनान्स कंपनीने दिले. व्याज १५ टक्के, २४ हप्ते. ‘संक्रांत होऊ दे, गड्ड्याची जत्रा होऊ दे, पहिला हप्ता थेट ५ मार्चला’ असं सांगून सह्या घेतल्या आणि २० नोव्हेंबरला रक्कम ठेकेदाराच्या खात्यात गेली. फेब्रुवारीत वसुलीचा फोन आला तेव्हा कळलं, की कंपनीच्या नोंदीत पहिला हप्ता ५ जानेवारीचा आहे, दोन हप्ते बाउन्स झालेत, वर शुल्कं लागलीत आणि सिबिल घसरलाय. मुलाच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने ‘आधी हे मिटवून या’ म्हणून सांगितलं. ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी बँकेकडे, बँक पुन्हा कंपनीकडे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: दंड माफ कसा करून घ्यायचा, आणि हे मिटेपर्यंत हप्ते भरायचे थांबवले तर चालेल का?

मी बरीच वर्षं कर्ज खात्यांच्या नोंदींचं काम केलं आणि आता सोलापुरातल्या लोकांची अशीच अडकलेली प्रकरणं पाहतो. माझं उत्तर असं: हप्ते थांबवू नका. दंडाची माफी मागू नका, नोंदीची दुरुस्ती मागा. आणि या दोन्हींच्या आधी, चूक नेमकी कुठल्या कागदावर सुरू झाली ते शोधा. तिघांपैकी कोण खरं बोलतोय यावर वाद घालण्यात महिना जातो आणि तेवढ्यात खातं आणखी खाली जातं.

एका कर्जाच्या नोंदी पाच ठिकाणी असतात: मुख्य तथ्य विवरण म्हणजे केएफएस (कर्जाच्या मुख्य अटी एका जागी देणारा कागद), परतफेडीचा तक्ता, खात्यातून हप्ता वळता करण्याचं मँडेट, कर्जाचा खातेउतारा आणि क्रेडिट ब्युरोचा, म्हणजे सिबिलसारख्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, अहवाल. पुढची प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीवरून तयार होते. आपल्याकडे मागावर बसलेला कुणीही सांगेल, ताण्यात एक धागा चुकीचा ओवला गेला की तो दोष चादरीच्या शेवटपर्यंत उतरत जातो. इथेही तेच होतं. तुम्ही नुसती सिबिलकडे तक्रार करून अहवाल सुधारून घेतलात आणि कंपनीचा तक्ता तसाच राहिला, तर कंपनी पुढची माहिती पाठवेल तेव्हा जुनी थकबाकी पुन्हा उगवेल. जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरवड्याला जाते, म्हणजे पुन्हा उगवायला वेळही लागत नाही.

म्हणून आज पहिलं काम, केएफएस काढा. १ ऑक्टोबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाला तो देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय, आणि तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. सह्यांच्या गठ्ठ्यात किंवा ईमेलमध्ये असेल. नसेल तर कंपनीकडे लेखी मागा. त्यात पहिल्या हप्त्याची तारीख, वार्षिक एकूण खर्चाचा दर, सगळी शुल्कं आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क असतो. केएफएसमध्ये नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येते.

आता पुढचं सगळं त्या कागदावर काय छापलंय यावर अवलंबून आहे.

केएफएसवर ५ मार्च असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तक्ता भरताना कंपनीच्या माणसाने किंवा यंत्रणेने सवलतीचे महिने लावलेच नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मग जानेवारी-फेब्रुवारीचे हप्ते देयच नव्हते. देयच नसलेला हप्ता बाउन्स होऊ शकत नाही आणि त्यावरचं प्रत्येक शुल्क आपोआप निराधार ठरतं.

केएफएसवर ५ जानेवारी असेल आणि मार्चचं वचन फक्त ठेकेदाराच्या तोंडी असेल, तर प्रकरण अवघड आहे, संपलेलं नाही. ठेकेदाराचं कोटेशन, व्हॉट्सॲपवरचा मेसेज, दुकानातलं पत्रक, त्या वेळी आलेला एसएमएस, जे असेल ते गोळा करा. ठेकेदार कंपनीच्या वतीने कर्ज विकत होता, आणि आपण नेमलेल्या मध्यस्थाच्या वागण्याची जबाबदारी कंपनीला झटकता येत नाही. पण अशा वेळी मी लोकांना एक स्पष्ट सांगतो: नुसत्या तोंडी शब्दावर दोन हप्ते अडवून धरू नका. भरा, आणि भरताना ‘हक्क राखून भरत आहे’ असं ईमेलने कळवा.

तिसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. केएफएसवर ‘तीन महिने हप्ता नाही’ असं असतं, पण त्या तीन महिन्यांचं व्याज कुणी द्यायचं ते बारीक अक्षरात असतं. २० नोव्हेंबर ते ५ मार्च हे १०५ दिवस होतात. १ लाख ८० हजारांवर १५ टक्क्यांनी त्याचं व्याज सुमारे ७,७६७ रुपये. हप्ता पुढे ढकलला म्हणजे व्याज थांबलं असं नसतं. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्त्यांना सवलत दिली तेव्हाही व्याज चालूच होतं आणि त्याचा धक्का पुष्कळांना नंतर बसला. ‘बिनव्याजी’ योजनांमध्ये हे व्याज सहसा ठेकेदार किंवा दुकानदार कंपनीला भरतो. त्याने ते भरलं नाही, किंवा भरलं पण तुमच्या खात्याला जोडलं गेलं नाही, तर ती रक्कम तुमच्या नावावर पडते. तेव्हा ठेकेदाराच्या बिलाच्या एकूण रकमेत आणि कर्जाच्या रकमेत फरक दिसतो का, तेही पाहा.

केएफएस झाला की कर्जाचा खातेउतारा आणि तुमच्या बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा. बहुतेक प्रकरणं इथेच उलगडतात. कंपनीच्या उताऱ्यात ५ जानेवारीला हप्ता ८,७२८ रुपये देय, त्याच्याखाली ‘मँडेट परत’, मग बाउन्स शुल्क, मग उशिराचं दंडात्मक शुल्क अशा ओळी असतील. आता पासबुकात ५ आणि ६ जानेवारी पाहा. तिथे पैसे वळते करण्याचा प्रयत्न झाल्याची काही खूण आहे का? बँकेने परतीचं शुल्क कापलंय का? खात्यात शिल्लक होती का? तुम्ही लिहिलंय की शिल्लक वीस हजारांच्या वर होती आणि बँकेने काहीच कापलेलं नाही. तसं असेल तर मला जवळजवळ खात्री वाटते, की वसुलीची मागणी तुमच्या खात्यापर्यंत पोचलीच नाही. मँडेटमध्ये खाते क्रमांकाचा आकडा चुकलाय, किंवा मँडेट बँकेत नोंदलंच गेलेलं नाही.

हे सिद्ध करायचा मार्ग सोपा आहे. प्रत्येक मँडेटला यूएमआरएन नावाचा क्रमांक असतो. तो कंपनीकडून घ्या आणि बँकेच्या शाखेत अर्ज द्या, की या क्रमांकाचं मँडेट आमच्या खात्यावर नोंदलेलं आहे का, आणि ५ जानेवारीला ते परत गेलं असेल तर कारण काय. कारण लेखी घ्या. ‘शिल्लक अपुरी’ हे एक कारण. ‘सही जुळत नाही’, ‘नाव जुळत नाही’, ‘खातं अस्तित्वात नाही’ ही वेगळी कारणं. ही दुसऱ्या प्रकारातली कारणं म्हणजे खात्यात पैसे नव्हते असा अर्थ होत नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू भाषकांच्या वस्तीत, हे मी पुष्कळ पाहतो. घरातल्या थोरल्या माणसाची बँकेतली जुनी सही तेलुगूत असते, फॉर्मवर मुलाच्या सांगण्यावरून मराठीत केलेली असते. किंवा आधारवर आडनाव आधी आणि पासबुकात नुसती आद्याक्षरं. एका काकांचे हप्ते केवळ यामुळे परत जात राहिले, आणि माणूस असा की पगार झाला की खात्यात रक्कम ठेवूनच घरी जायचा. बँकेकडून कारणाची ओळ लेखी मिळाली आणि वसुलीवाल्यांचा सूर त्याच दिवशी बदलला.

याचा आणखी एक उपयोग आहे. अशा प्रकरणांत वकिलाच्या नोटिशीत पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ टाकून तुरुंगाची भीती घातली जाते. ते कलम शिल्लक अपुरी असल्यामुळे पैसे परत गेले तर लागू होतं. चुकीच्या खाते क्रमांकामुळे परत गेलेल्या मँडेटला ते चिकटत नाही. नोटीस आली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. बँकेचं कारणाचं पत्र जोडून उत्तर द्या.

आता तुमचा खरा प्रश्न, हप्ते थांबवायचे का. राग येणं साहजिक आहे. चूक त्यांची आणि पैसे आपण का भरायचे? पण यंत्रणेत काय होतं ते पाहा. तिथे ५ जानेवारीपासूनचे दिवस मोजले जातायत. तीस दिवस कधीच उलटले, म्हणून अहवालात तुमचं खातं खाली दिसतंय. सर्वात जुनी थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली, म्हणजे ५ एप्रिल उलटली, की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरतं. मग साध्या दुरुस्तीची गोष्ट फार मोठ्या टेबलावर जाते, आणि मुलाच्या शैक्षणिक कर्जाचं या वर्षी तरी अवघड होतं. तुम्ही ५ मार्चचा हप्ता भरलात की यंत्रणा तो जानेवारीच्या हप्त्यात जिरवेल. ऐकायला वाईट वाटतं, पण त्यामुळे सर्वात जुनी थकबाकी ५ फेब्रुवारीवर सरकते. दर महिन्याला हप्ता भरत राहिलात तर वाद कितीही लांबला तरी ९० दिवसांची रेघ ओलांडली जात नाही. म्हणून वाद नसलेली रक्कम चालू ठेवायची आणि वाद असलेल्या रकमेवर भांडायचं.

भरताना कंपनीच्या ॲपमधून किंवा कंपनीने लेखी दिलेल्या खात्यातच भरा. ठेकेदाराकडे नाही, वसुलीला आलेल्या माणसाच्या हातात रोख नाही. भरल्यावर लगेच ईमेल करा, की ही रक्कम हप्त्यापोटी आहे, वादातल्या शुल्कांपोटी नाही. नाहीतर ८,७२८ मधून आधी शुल्कं कापली जातात, हप्ता काही शे रुपयांनी अपुरा राहतो आणि तोच पुन्हा थकीत दिसतो.

शैक्षणिक कर्जाची घाई खरोखर असेल, प्रवेशाची तारीख तोंडावर असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीचे दोन्ही हप्ते हक्क राखून भरून टाका, असं मी सुचवेन. तेवढे १७,४५६ रुपये तुमच्या मुद्दल-व्याजातच जातात, वाया जात नाहीत. घाई नसेल आणि केएफएसवर ५ मार्च असेल, तर ते न भरता दुरुस्तीचा आग्रह धरायला हरकत नाही. हा निर्णय घरातली निकड पाहून तुम्हीच घ्यायचा आहे.

मी सुरुवातीला म्हटलं, माफी मागू नका. फोनवरचा मुलगा फार तर म्हणेल, ‘मॅडम, शुल्क माफ करून देतो, हप्ते भरून टाका.’ यात शुल्क जातं, पण उशिराचे दिवस अहवालात तसेच राहतात, कारण माफी देताना कंपनी उशीर झाला असंच धरते. तुम्हाला हवी आहे मूळ तारखेपासून नोंद उलट करणं, जणू ती थकबाकी कधी पडलीच नव्हती. याहून धोक्याचं म्हणजे, ‘तारीख बदलायचा अर्ज’ म्हणून एखादा फॉर्म सहीसाठी पाठवतील. तो पुनर्रचनेचा, म्हणजे कर्जाच्या अटी नव्याने ठरवून घेण्याचा, अर्ज असेल तर ब्युरोच्या अहवालात तुमचं कर्ज ‘पुनर्रचित’ म्हणून दिसू शकतं, आणि पुढचं कर्ज देणारा ते थकबाकीइतकंच वाईट मानतो. असा कागद वाचल्याशिवाय सही करू नका.

पत्र लांबलचक लिहू नका. केएफएसवर मार्च असेल तर एवढं पुरे: ‘कर्ज खाते क्रमांक अमुक. केएफएसप्रमाणे पहिला हप्ता ५ मार्च रोजी देय आहे. आपल्या परतफेड तक्त्यात तो ५ जानेवारी असा चुकीचा नोंदला आहे. तरी ५ जानेवारी व ५ फेब्रुवारीच्या थकीत नोंदी आणि त्यांवरील सर्व शुल्कं मूळ तारखेपासून उलट करावीत, दुरुस्त तक्ता व खातेउतारा द्यावा, चारही क्रेडिट ब्युरोंना दुरुस्त माहिती पाठवून तसं लेखी कळवावं. ही आपल्या नोंदीतील चुकीची दुरुस्ती आहे, माझ्या विनंतीवरून केलेली पुनर्रचना नाही.’ सोबत केएफएसचं पान, पासबुकाचं पान आणि बँकेचं कारणाचं पत्र. ठेकेदाराने किती त्रास दिला, फोनवर कोण काय बोललं, हे यात नको. वाचणाऱ्याला एका नजरेत दोन तारखा दिसल्या पाहिजेत.

हे पत्र कस्टमर केअरला नाही, केएफएसमध्ये दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकील लागत नाही. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते, आणि पतसंस्थेचं असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे. म्हणून कर्ज देणाऱ्याचं पूर्ण नाव कागदावर नीट वाचा. दुकानातल्या पाटीवरचं नाव आणि करारावरचं नाव वेगळं असू शकतं.

ब्युरोकडे तक्रार त्याच दिवशी टाका, पण कंपनीच्या पत्राबरोबर, त्याच्याऐवजी नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ठिकाणी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. रक्कम छोटी आहे, पण पत्रात या नियमाचा उल्लेख केला की फाइल हलते, हा माझा अनुभव.

शुल्कांबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२४ पासून उशिराचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट झालंय. उताऱ्यात यातलं काही दिसलं तर वेगळं नोंदवा. आणि व्याज २० नोव्हेंबरच्या आधीपासून, म्हणजे मंजुरीच्या तारखेपासून लावलंय का, तेही तपासा. रक्कम प्रत्यक्ष हातातून सुटली त्या दिवसापासूनच व्याज लागायला हवं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येत असतील तर वेळ लिहून ठेवा, तक्रारीत जोडता येतात.

तुम्ही शेवटी लिहिलंय की गच्ची अजून एका कोपऱ्यात पाझरते. ते भांडण ठेकेदाराशी आहे आणि ते या कर्जात मिसळू नका. काम खराब आहे म्हणून हप्ता अडवला तर कंपनीच्या लेखी तुम्ही थकबाकीदारच. त्यासाठी ठेकेदाराला वेगळं लेखी कळवा, फोटो तारखेसकट ठेवा. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते.

या आठवड्यात मात्र एक गोष्ट पुढे ढकलू नका. ५ मार्च जवळ आलाय आणि जुनं मँडेट चुकीचंच असेल तर मार्चचा हप्ताही परत जाईल. नवीन मँडेट नोंदायला वेळ लागतो, तेव्हा ते आजच नेटबँकिंग किंवा डेबिट कार्डवरून करून घ्या, जुनं रद्द केल्याचं लेखी घ्या, आणि मार्चचा हप्ता ३ तारखेलाच ॲपमधून स्वतः भरा. कंपनीला तसं कळवा, म्हणजे ५ तारखेला तोच हप्ता पुन्हा वळता होणार नाही. केएफएसवरची तारीख पाहिलीत की सांगा. ती जानेवारीची निघाली तर पत्राचा मजकूर बदलावा लागेल, तो मी लिहून देतो.